नॅनोकणांच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण: पहिलं मोजमाप नीट कसं घ्यायचं

अर्धवाहक नॅनोकणांच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्या प्रकाशाचं विद्युतक्षेत्र एका दिशेला किती झुकलं आहे हे, मोजणं वरवर पाहता सोपं काम आहे. कणांवर लेझर टाकायचा, बाहेर येणाऱ्या प्रकाशासमोर पोलरायझर धरायचा, तो एकदा उभा आणि एकदा आडवा करून दोन रीडिंग घ्यायची, की तासाभरात आकडा हातात. पण तो आकडा कणांचा आहे, लेझरचा आहे की स्पेक्ट्रोमीटरमधल्या ग्रेटिंगचा, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघाळ पट्टीचा, हे त्याच्याकडे नुसतं बघून कळत नाही. माझं मत विचाराल तर या विषयात नव्याने येणाऱ्याने सिद्धांत सुरुवातीला थोडा कमी वाचला तरी चालेल, पण हे तीन हिस्से वेगळे करायला आधी शिकावं.

एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. विभागात एक बऱ्यापैकी फ्लुओरोमीटर (उत्तेजित नमुन्याचा प्रकाश मोजणारं यंत्र) आहे, त्याला पोलरायझर बसवता येतात आणि मार्गदर्शकांनी क्वांटम डॉटची, म्हणजे अशा अर्धवाहक नॅनोकणांची, एखादी कुपी हातात ठेवली आहे, एवढं गृहीत धरलं आहे.

लागेल तेवढंच भौतिकशास्त्र

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. दोघं पुन्हा एकत्र आले की फोटॉन बाहेर पडतो. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ७१० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल प्रकाश. कण काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉन-होल जोडीला पसरायला जागा उरत नाही, अंतर वाढतं आणि रंग निळ्याकडे सरकतो. साधारण ६ नॅनोमीटरचा कण लाल, २-३ नॅनोमीटरचा हिरवा-निळा. अलेक्सी एकिमोव्ह यांनी हे काचेत अडकलेल्या कणांत पाहिलं, लुइस ब्रूस यांनी द्रवात तरंगणाऱ्या कणांत, आणि मौंजी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये एकसारख्या आकाराचे कण बनवायची गरम द्रावणातली रीत दिली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंगाची गोष्ट इथवर पुरे. ध्रुवीकरणाची गोष्ट आकारमानापेक्षा जास्त आकृतीवर अवलंबून असते.

नॅनोकणांचा प्रकाश ध्रुवीकृत दिसण्याची तीन खरी कारणं आहेत.

पहिलं कारण स्फटिकाची रचना. कॅडमियम सेलेनाइडचे नेहमीचे कण वुर्ट्झाइट रचनेचे असतात आणि त्या रचनेला एक खास अक्ष असतो. गोल कणात प्रकाश देणारा द्विध्रुव, म्हणजे विद्युतभार ज्या दिशेला डोलतो ती दिशा, एका रेषेत नसतो. तो त्या अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलात सगळीकडे सारखा पसरलेला असतो. प्रतलाला ‘तेजस्वी प्रतल’ आणि अक्षाला ‘काळा अक्ष’ म्हणायची पद्धत आहे. कण लांबट केला की ऊर्जापातळ्यांचा क्रम उलटतो आणि प्रकाश लांबीच्या दिशेने ध्रुवीकृत होतो. बर्कलीच्या अलिव्हिसाटोस गटाने २००१ मध्ये एकेका कॅडमियम सेलेनाइड दांडीवर हे मोजलं. लांबी रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंत पोहोचते तिथेच हा बदल होतो, आणि तोही बऱ्यापैकी अचानक. म्हणजे फार लांब दांडी लागत नाही. किंचित लांबुडका कणही चालतो.

दुसरं कारण दांडी आणि तिच्या भोवतालचं माध्यम यांतला फरक. हे कारण पुंजभौतिकीचं नाही, निव्वळ विद्युतचुंबकीय आहे, आणि नवखे हमखास विसरतात ते हेच. तरंगलांबीपेक्षा खूप बारीक आणि लांब दांडीच्या आत, लांबीच्या दिशेचं विद्युतक्षेत्र बाहेरच्याइतकंच राहतं. आडव्या दिशेचं मात्र घटतं. किती घटतं याचं सूत्र छोटं आहे: माध्यमाच्या डायलेक्ट्रिक स्थिरांकाची दुप्पट, भागिले दांडी आणि माध्यम यांच्या स्थिरांकांची बेरीज. एकदा स्वतः आकडे घालून बघा. दांडीचा स्थिरांक ६.२ आणि टोल्युइनचा, दृश्य प्रकाशासाठी, २.२५ धरला तर उत्तर ४.५ भागिले ८.४५, म्हणजे ०.५३. तीव्रता क्षेत्राच्या वर्गावर चालते, म्हणून ०.२८. लांबीच्या दिशेला १ आणि आडवं ०.२८, म्हणजे ध्रुवीकरण (फरक भागिले बेरीज) सुमारे ०.५६. तीच दांडी हवेत ठेवा, आता आडवी तीव्रता ०.०८ वर येते आणि ध्रुवीकरण ०.८६ होतं. दांडी तीच, रसायन तेच, फक्त भोवतालचं माध्यम बदललं! हार्वर्डच्या लीबर गटाने २००१ मध्येच इंडियम फॉस्फाइडच्या एकेका नॅनोतारेवर ०.९ च्या आसपास ध्रुवीकरण मोजलं, ते मुख्यतः याच कारणामुळे. म्हणून वहीत ‘ध्रुवीकरण इतकं’ असं लिहिताना कण कशात होते, हे शेजारी लिहिलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

तिसरं कारण म्हणजे लेझरने केलेली निवड. द्रावणात दांड्या हव्या त्या दिशेला तोंड करून तरंगत असतात, सांडलेल्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. उभ्या ध्रुवीकरणाचा लेझर टाकला की साधारण उभ्या असलेल्या दांड्या जास्त उत्तेजित होतात आणि प्रकाशही मग उभ्या दिशेला झुकतो. नमुना संपूर्ण अस्ताव्यस्त असला तरी उत्तर शून्य येत नाही. नवख्या माणसाला आपल्या दांड्या रांगेत उभ्या राहिल्या असं वाटायला लागतं ते इथेच.

या निवडीला गणिती मर्यादा आहेत आणि त्या पाठ असाव्यात. शोषणारा आणि प्रकाश देणारा द्विध्रुव एकाच रेषेत असेल, कण अस्ताव्यस्त असतील आणि ते जागचे हलत नसतील, तर अ‍ॅनायसोट्रॉपी (उभ्या आणि आडव्या तीव्रतेतला फरक किती, याचं माप; सूत्र पायरी ३ मध्ये) जास्तीत जास्त ०.४. दोन्ही एकाच प्रतलात पसरलेले असतील तर ०.१. शोषण एका रेषेत आणि उत्सर्जन त्याला काटकोनातल्या प्रतलात असेल तर उणे ०.२. उत्तर या तीन आकड्यांपैकी कशाच्या जवळ जातं, यावरून कणाच्या स्वभावाचा पहिला अंदाज येतो. आणि द्रावणात ०.४ च्या वर काही आलं, तर आनंद करू नका. विखुरलेला लेझर डिटेक्टरपर्यंत पोहोचतो आहे.

पायरी १: नमुने दोन घ्या

फक्त दांड्या घेऊन सुरुवात करू नका. सोबत जवळपास त्याच रंगाचे गोल कण घ्या. दांड्यांसाठी कॅडमियम सल्फाइडच्या दांडीत कॅडमियम सेलेनाइडचा गोल गाभा असलेले कण सगळ्यात सोयीचे. ते चकाकतात छान, टिकतातही बरे, आणि शोषण बहुतेक दांडीत तर उत्सर्जन गाभ्यातून होत असल्यामुळे स्वतःचाच प्रकाश पुन्हा शोषला जाण्याचा त्रास कमी. पहिल्या मोजमापासाठी कण स्वतः बनवायच्या फंदात पडू नये. विकत घ्या किंवा शेजारच्या गटाकडून मागा. त्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा मात्र मागून घ्या, नाहीतर लांबी-रुंदी कशावरून लिहिणार?

द्रावण इतकं पातळ करा की उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं याचं माप) ०.१ च्या खाली राहील. ०.०५ उत्तम. दाट द्रावणात एका कणाचा प्रकाश दुसरा शोषतो आणि वेगळ्याच दिशेला परत देतो, त्यामुळे ध्रुवीकरण खोटं कमी दिसतं. कण गोळा झाले असतील तर उलट विखुरणं वाढून ते खोटं जास्त दिसतं. क्युवेट, म्हणजे द्रावण ठेवायची चौकोनी कुपी, उजेडात धरून बघा, किंचितही दुधाळ वाटलं तर ०.२ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळून घ्या.

क्युवेट काचेची किंवा क्वार्ट्झची. वापरून फेकायच्या पॉलिस्टायरीनच्या क्युवेटमध्ये टोल्युइन ओतलं तर ती डोळ्यांदेखत धुरकट होऊन विरघळायला लागते. पाण्यातले कण असले तरी प्लॅस्टिक टाळा, कारण त्यातल्या ताणामुळे ध्रुवीकरणाची दिशाच बिघडते.

कॅडमियम विषारी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बेसिनजवळ सगळे विसरतात. उरलेलं द्रावण आणि पहिलं धुणं जड धातूंच्या कचऱ्याच्या बाटलीत जायला हवं. नायट्रिलच्या हातमोज्यातून टोल्युइन लवकर आरपार जातं, त्यामुळे सांडलं की मोजे लगेच बदला. ४०५ नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना मंद दिसतो, पण तो मंद नसतो. चष्मा त्या तरंगलांबीचाच हवा.

पायरी २: पोलरायझरचा अक्ष स्वतः शोधा

फिल्म पोलरायझरवर कुणीतरी कधीतरी मार्करने रेघ मारलेली असते. ती कशाची खूण आहे, आरपार जाणाऱ्या दिशेची की अडवल्या जाणाऱ्या, हे सांगणारा माणूस सहसा प्रयोगशाळा सोडून गेलेला असतो. स्वतः तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

चकचकीत काळा ग्रॅनाइटचा ओटा किंवा टेबल शोधा. त्यात ट्यूबलाइटचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब बघा, नजर लंब रेषेपासून साधारण ५५-५६ अंश तिरकी ठेवून. या कोनात परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा ध्रुवीकृत असतो. आता पोलरायझर डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवा. प्रतिबिंब जिथे सगळ्यात फिकं पडतं, तिथे पोलरायझरची आरपार दिशा उभी आहे. तिथे खूण करा आणि शेजारी ‘आरपार’ असं लिहून ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर हा शोध घेऊ नका. पडद्यातून येणाऱ्या प्रकाशाची दिशा मॉडेलनुसार बदलते.

त्यानंतर दोन पोलरायझर एकमेकांवर काटकोनात ठेवून किती प्रकाश गळतो ते तुमच्या खऱ्या तरंगलांबीला मोजा. साधे फिल्म पोलरायझर दृश्य प्रकाशात चांगले चालतात, ४०० नॅनोमीटरच्या खाली मात्र ढेपाळतात. उत्तेजन अतिनील असेल तर कॅल्साइटचा ग्लान-टेलर प्रिझम लागेल.

पायरी ३: चार रीडिंग, दोन नव्हे

हा लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

फ्लुओरोमीटरमध्ये उत्तेजनाचा किरण एका बाजूने येतो आणि डिटेक्टर त्याला काटकोनात बसलेला असतो. उत्तेजनाच्या वाटेवर एक पोलरायझर, उत्सर्जनाच्या वाटेवर दुसरा. उत्सर्जनाच्या बाजूला पोलरायझर फिल्टरच्या आधी, क्युवेटला शक्य तितका लगत हवा. त्याच्या आधी जे काही ठेवाल ते ध्रुवीकरणात ढवळाढवळ करणार.

दोन्ही पोलरायझर उभे किंवा आडवे ठेवून चार जोड्या होतात. पहिला शब्द उत्तेजनाचा, दुसरा उत्सर्जनाचा: उभा-उभा, उभा-आडवा, आडवा-उभा, आडवा-आडवा. चारही मोजा आणि प्रत्येकातून निव्वळ द्रावकाचं तेच रीडिंग वजा करा. द्रावकाची रामन रेषा (द्रावकाने तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश) स्वतः चांगलीच ध्रुवीकृत असू शकते. टोल्युइनमध्ये ४०५ नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर कार्बन-हायड्रोजन बंधाची रेषा ४६२ च्या आसपास येते. लाल कणांना तिचा उपद्रव नाही, निळ्या-हिरव्या कणांना आहे.

शेवटच्या दोन जोड्यांचं काम काय? उत्तेजन आडवं असतं तेव्हा त्याचं विद्युतक्षेत्र थेट डिटेक्टरच्या दिशेने रोखलेलं असतं. डिटेक्टरच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्या क्षेत्राच्या दृष्टीने ‘वर’ आणि ‘बाजूला’ यांत काही फरक राहत नाही. कण कसेही असोत, द्रावण अस्ताव्यस्त असेल तर आडवा-उभा आणि आडवा-आडवा ही रीडिंग सारखीच यायला हवीत. ती येत नाहीत, आणि जो फरक दिसतो तो सगळा यंत्राचा असतो. ग्रेटिंग उभ्या आणि आडव्या प्रकाशाला समान वागणूक देत नाही. काही तरंगलांबींना तर हा भेदभाव एकदम उसळतो. रॉबर्ट वुड यांनी ही गोष्ट १९०२ मध्येच नोंदवली होती.

या दोन रीडिंगांचा भागाकार म्हणजे जी-गुणक: आडवा-उभा भागिले आडवा-आडवा. मग अ‍ॅनायसोट्रॉपी अशी काढायची:

(उभा-उभा − जी × उभा-आडवा) ÷ (उभा-उभा + २ × जी × उभा-आडवा)

समजा पार्श्वभूमी वजा करून रीडिंग अशी आली: उभा-उभा ८२००, उभा-आडवा ६०००, आडवा-उभा ५६००, आडवा-आडवा ७०००. जी-गुणक ०.८. वरची बाजू ८२०० − ४८०० = ३४००, खालची ८२०० + ९६०० = १७८००, उत्तर ०.१९. आता जी-गुणक विसरून, म्हणजे तो १ धरून, हेच गणित करा: २२०० भागिले २०२००, उत्तर ०.११. एका उत्तरावरून तुम्ही म्हणाल की कण बऱ्यापैकी रेषीय आहेत. दुसऱ्यावरून तेच कण प्रतलात पसरलेल्या द्विध्रुवाचे, म्हणजे गोल ठरतील. कणांना हात न लावता निष्कर्षच फिरला.

जी-गुणक तरंगलांबीनुसार बदलतो. ५५० चा आकडा ६२० ला लावू नका. उत्सर्जनाच्या संपूर्ण पट्ट्यात चारही स्पेक्ट्रम घ्या आणि प्रत्येक बिंदूला वेगळा हिशेब करा. स्लिटची रुंदी बदलली तर जी-गुणक पुन्हा मोजा.

अ‍ॅनायसोट्रॉपी आणि ध्रुवीकरणाचं प्रमाण ही दोन वेगळी मापं आहेत. प्रमाणाच्या सूत्रात खालच्या बाजूला ‘२ ×’ नसतो. प्रमाण हवं असेल तर अ‍ॅनायसोट्रॉपीची तिप्पट भागिले (२ + अ‍ॅनायसोट्रॉपी). अ‍ॅनायसोट्रॉपीची ०.४ ही मर्यादा प्रमाणात ०.५ होते. शोधनिबंध वाचताना लेखकांनी कोणतं माप वापरलं आहे ते आधी बघा. दोन निबंधांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा बऱ्याचदा भांडण एवढंच असतं.

पायरी ४: यंत्राला शून्य आणि एक दाखवा

कणांवर विश्वास ठेवायच्या आधी उत्तर माहीत असलेले दोन नमुने मोजा. फ्लुओरेसिन पाण्यात किंवा र्‍होडामिन ६जी इथेनॉलमध्ये. हे रेणू प्रकाश द्यायच्या आत कितीतरी वेळा गिरकी घेतात, म्हणून अ‍ॅनायसोट्रॉपी शून्याला टेकलेली हवी. दुसरा नमुना सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचं पातळ निलंबन. त्यावरून नुसता विखुरलेला प्रकाश मोजा, उत्तर १ च्या अगदी जवळ यायला हवं. शून्याच्या जागी ०.०५ येत असेल तर जी-गुणकात किंवा पार्श्वभूमीत घोटाळा आहे. एकाच्या जागी ०.८ येत असेल तर पोलरायझर गळतो आहे, त्याचा अक्ष वाकडा आहे किंवा निलंबन फार दाट झालं आहे.

मधला एखादा नमुना हवा असेल तर तोच र्‍होडामिन ग्लिसरॉलमध्ये घालून त्याच्या मुख्य शोषणपट्ट्यात उत्तेजित करा. घट्ट द्रवात रेणूला वळता येत नाही आणि उत्तर ०.४ च्या दिशेने चढतं.

पायरी ५: कण किती वेगाने फिरतात?

द्रावणातला कणसुद्धा फिरतो, फक्त रंगाच्या रेणूपेक्षा कितीतरी सावकाश. फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये दिलेलं नातं इथे थेट वापरता येतं: मूळ अ‍ॅनायसोट्रॉपी भागिले मोजलेली अ‍ॅनायसोट्रॉपी = १ + (प्रकाश द्यायला लागणारा वेळ ÷ फिरायला लागणारा वेळ). फिरायचा वेळ म्हणजे चिकटपणा गुणिले आकारमान, भागिले तापमानाची ऊर्जा.

४ नॅनोमीटर जाड आणि २५ नॅनोमीटर लांब दांडीचं आकारमान साधारण ३१४ घन नॅनोमीटर. २५ अंश सेल्सियसला टोल्युइनचा चिकटपणा ०.५६ मिलिपास्कल-सेकंद. गोळा समजून हिशेब केला तर फिरायचा वेळ सुमारे ४३ नॅनोसेकंद येतो. खऱ्या दांडीला टोकावरून टोक उलटायला याहून जास्त लागतो. प्रकाश द्यायचा वेळ १५ नॅनोसेकंद धरला तर मूळ अ‍ॅनायसोट्रॉपीचा तीनचतुर्थांश भाग शिल्लक राहतो. लिगंडसकट (कणाला चिकटलेल्या रेणूंच्या थरासकट) ३ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोल कणाला हाच हिशेब लावा. फिरायचा वेळ १५ नॅनोसेकंद, उत्सर्जनाचा २० धरला तर निम्म्याहून जास्त गेलं. म्हणजे दांड्या आणि गोल कण यांच्यात द्रावणात दिसणारा सगळा फरक स्फटिकाचा नसतो, काही फरक फिरण्याचाही असतो.

तो काढून टाकायचा उपाय म्हणजे कणांना जागीच गोठवणं. टोल्युइनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळवून त्यात कण मिसळा आणि काचेवर फिरवून पातळ थर द्या. (क्युवेटचं वाटोळं करणारी खोड इथे कामाला येते.) थर नेहमीच्या क्युवेटच्या जागी ठेवून मोजला तर त्याच्या पृष्ठावरची परावर्तनं जी-गुणकामागची सममिती मोडतात, त्यामुळे थरासाठी पुढच्या पायरीतली सूक्ष्मदर्शकाची मांडणी बरी. आणखी एक लक्षात असू द्या, पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक टोल्युइनपेक्षा थोडा जास्त आहे. माध्यम बदललं म्हणजे वरच्या दुसऱ्या कारणाचा, दांडी आणि माध्यम यांतल्या फरकाचा, आकडाही थोडा हलला.

याच टप्प्यावर उत्तेजनाची तरंगलांबी बदलून बघा. ४०५ नॅनोमीटरला कॅडमियम सल्फाइडची दांडी शोषते. ५०० च्या वर गेलात की दांडी बाजूला होते आणि काम गाभ्यावर येतं. अ‍ॅनायसोट्रॉपी उत्तेजनाच्या तरंगलांबीसमोर मांडली की कोणत्या भागात कोण शोषतं आहे ते आलेखावरच दिसायला लागतं. हा आलेख फुकटात मिळतो आणि फार थोडे विद्यार्थी तो काढतात, हे मला कोडंच आहे.

पायरी ६: एकच कण

द्रावणातली सरासरी एका मर्यादेपलीकडे काही सांगत नाही. दांडी स्वतः किती ध्रुवीकृत प्रकाश देते हे हवं असेल तर एकेक दांडी बघावी लागते. इथे फ्लुओरोमीटर सुटतो आणि सूक्ष्मदर्शक येतो.

द्रावण पिकोमोलरच्या टप्प्यात पातळ करून स्वच्छ कव्हरस्लिपवर थर द्या. १० मायक्रोमीटरच्या चौकोनात मोजके ठिपके दिसले की झालं. ठिपका एकाच कणाचा आहे ना, याची पहिली खूण म्हणजे तो अचानक विझतो आणि पुन्हा पेटतो. ब्रूस, बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या एकेका कणात ही उघडझाप दाखवली. दोन-तीन कणांचा पुंजका असेल तर तो असा पूर्ण अंधारात जात नाही, पायऱ्यापायऱ्यांनी मंद होतो.

ही उघडझाप ओळख पटवायला चांगली, मोजमापाला मात्र त्रासदायक. पोलरायझर फिरवत एकामागून एक कोन मोजत गेलात आणि नेमका ४५ अंशाला कण विझला, तर आलेखात खड्डा पडतो. तो ध्रुवीकरणाचा की विझण्याचा? कळायला मार्ग नाही. म्हणून प्रकाश ध्रुवीकरण दुभाजकातून दोन वाटांत वाटा आणि दोन्ही एकाच वेळी मोजा. कण विझला तर दोन्ही वाटा एकत्र विझतात, गुणोत्तरावर परिणाम होत नाही. दुभाजकाच्या आधी अर्धतरंग पट्टी ठेवा आणि फक्त ती फिरवा. पट्टी जितकी फिरेल त्याच्या दुप्पट कोनात ध्रुवीकरण वळतं, त्यामुळे संपूर्ण वक्र ९० अंशांत मिळतो. पोलरायझर स्वतः फिरवला तर त्याच्या मागच्या ग्रेटिंगपर्यंत पोहोचणारी दिशा दर वेळी बदलते आणि तो भेदभाव पुन्हा आकड्यात शिरतो. घन आकाराचा दुभाजक वापरत असाल तर परावर्तित वाटेची शुद्धता आरपार वाटेपेक्षा कमी असते. त्या वाटेवर आणखी एक फिल्म पोलरायझर लावून टाका.

दोन भाग इथे विशेष दगा देतात. एक डायक्रोइक आरसा, म्हणजे लेझर परावर्तित करून कणाचा प्रकाश आरपार सोडणारा. तिरक्या ध्रुवीकरणाचा प्रकाश त्यातून गेला की उभ्या आणि आडव्या घटकांमध्ये कलाफरक पडतो आणि रेषीय प्रकाश लंबवर्तुळाकार होतो. ०, ४५, ९० आणि १३५ अंशांचा ज्ञात ध्रुवीकरणाचा प्रकाश नमुन्याच्या जागेवरून पाठवून पाहा. ० आणि ९० छान येतात पण ४५ बिघडतं, असं झालं तर दोष आरशाचा. दुसरा भाग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्यालगतचं भिंग. ते किती रुंद कोनातला प्रकाश घेतं, हे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरच्या आकड्यावरून कळतं. १.४ न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरचं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह भरपूर प्रकाश गोळा करतं, पण खूप तिरके किरणही घेतं आणि त्यात दिशा मिसळतात. काचेवर आडव्या पडलेल्या दांडीचं ध्रुवीकरणही त्यामुळे थोडं कमी दिसतं. तिरकी उभी असेल तर बरंच कमी. प्रकाश पुरत असेल तर कमी अ‍ॅपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हने काही कण पुन्हा मोजून फरक किती पडतो ते नोंदवा.

एका कणाच्या उत्सर्जनाची दिशा लेझरच्या दिशेवर अवलंबून नसते, कण दिसेल की नाही हे मात्र असतं. रेषीय लेझर ठेवला तर त्याला काटकोनात पडलेल्या दांड्या अंधुक राहतात आणि तुमच्या मोजणीत येतच नाहीत. चतुर्थतरंग पट्टी लावून उत्तेजन वर्तुळाकार करा, म्हणजे सगळ्या दिशांच्या दांड्यांना सारखी संधी मिळते.

मिळालेल्या वक्रावर कोनाच्या कोसाइनचा वर्ग अधिक एक स्थिरांक एवढंच बसवायचं. कमाल आणि किमान तीव्रतेतला फरक भागिले त्यांची बेरीज, हे त्या कणाचं ध्रुवीकरण. शंभर-दोनशे कणांचा हिस्टोग्राम काढा आणि गोल कणांचाही त्याच मांडणीत, त्याच दिवशी काढा. गोल कणांचा हिस्टोग्राम शून्याला चिकटून नसतो, कारण काळा अक्ष काचेला समांतर झुकला की तेजस्वी प्रतल कडेने दिसतं आणि गोल कणही बऱ्यापैकी ध्रुवीकृत भासतो. उलट काळा अक्ष थेट तुमच्याकडे रोखलेला असेल तर तो अजिबात ध्रुवीकृत दिसत नाही. बावेंडी गटाने १९९९ मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून एकेका कणाची अवकाशातली दिशा शोधली होती. म्हणून दांड्यांचा हिस्टोग्राम एकटा देऊ नका, शेजारी गोलांचा हवाच.

वहीत काय लिहायचं

मापाचं नाव, म्हणजे अ‍ॅनायसोट्रॉपी की प्रमाण. उत्तेजनाची आणि उत्सर्जनाची तरंगलांबी, शोषणांक, तापमान, माध्यम. जी-गुणक, आणि तो कधी मोजला. शून्य आणि एकच्या चाचणीची त्या दिवसाची उत्तरं. सूक्ष्मदर्शक असेल तर ऑब्जेक्टिव्हचं अ‍ॅपर्चर, डायक्रोइकचा क्रमांक, तो कोणत्या कोनात बसवला आहे, आणि किती ठिपके पुंजका म्हणून गाळले ते. गाळलेल्या ठिपक्यांची फाइल पुसू नका. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.